खाऱ्या टँकमधलं शेवाळ : इंदूरच्या नोंदी, मार्च ते ऑगस्ट २०२५

१ मार्च, शनिवार

समुद्री माशांचा टँक साडेतीन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच, खाली संप, म्हणजे फिल्टर-पंपांची दुसरी टाकी. दगड-वाळूची जागा सोडली तर प्रत्यक्ष पाणी १८० लिटर. आत क्लाउनफिशची जोडी, पिवळ्या शेपटीचा एक डॅमसेल, एक शेवाळखाऊ लॉनमोअर ब्लेनी, टर्बो गोगलगायी आणि थोडे हर्मिट खेकडे. प्रवाळ नाहीत. खडकही समुद्रातला नाही, तयार केलेला सुका खडक आहे. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे कोणी 'लाइव्ह रॉक' म्हणून काही आणून दिलं तरी घ्यायचं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

देखभाल आतापर्यंत एका दुकानाचा माणूस करायचा. करार संपला, आता टँक माझ्याकडे. खडकावर चार-चार बोटं लांब हिरवे केस, पंपाच्या तोंडावर दाढी, मागच्या काचेवर गालिचा. आणि त्याच्या वहीत दर महिन्याला एकच नोंद : 'फॉस्फेट ०.०३, ठीक.' फॉस्फेट हे शेवाळाचं खाद्य. ते एवढं कमी असेल तर हे सगळं जगतंय कशावर?

उत्तर चेकरवरच, म्हणजे मोजायच्या छोट्या यंत्रावर, छापलेलं होतं. तो फॉस्फेट मोजत नाही, फॉस्फरस मोजतो, तोही पीपीबीमध्ये (अब्जात भाग). आकड्याला ३.०६६ ने गुणलं की फॉस्फेट येतं. आजचा आकडा ३१, म्हणजे ९५ पीपीबी, म्हणजे ०.०९५ पीपीएम (दशलक्षात भाग). वहीतला आकडा गुणाकार न करता उतरवलेला. ज्यांच्याकडे असा चेकर आहे त्यांनी आधी डबीवर फॉस्फेट लिहिलंय की फॉस्फरस ते वाचावं.

शेवाळाचं दुसरं खाद्य नायट्रेट, ते २५ पीपीएम. खारटपणा ३५, तापमान २६.

९ मार्च, रविवार

औषध-बिवध काही नाही, आज फक्त हाताने उपटणं. खडक टँकमध्येच घासला तर तुकडे सगळीकडे उडतात आणि प्रत्येक तुकडा नवीन जागी रुजतो. म्हणून खडक एकेक करून बाहेर काढले आणि टँकच्याच पाण्याच्या बादलीत जुन्या टूथब्रशने घासले. जे खडक निघत नाहीत त्यांच्यासाठी बारीक नळी ब्रशला रबरबँडने बांधली. घासत जायचं, सायफन ओढत जाईल. नळीचं दुसरं टोक संपमधल्या फिल्टर सॉकमध्ये (गाळायच्या पिशवीत), म्हणजे पाणी परत येतं आणि शेवाळ सॉकमध्ये अडकतं.

अख्खी दुपार आणि संध्याकाळ गेली. पिळून काढलेलं शेवाळ स्वयंपाकघरातल्या काट्यावर साडेतीनशे ग्रॅम भरलं. (काटा नंतर धुतला. आईला सांगितलेलं नाही.)

शेवटी २० लिटर पाणी बदललं. त्याला पाऊण किलो मीठ लागतं, आणि ते मीठ बाहेरून येतं, महाग पडतं. 'निम्मं पाणी बदला, शेवाळ जाईल' हा सल्ला देणाऱ्याने मिठाची बादली कधी विकत घेतलेली नसावी.

१२ मार्च

शेवाळ उपटल्यावर तीन दिवसांत फॉस्फरस ३१ चा ४४ झाला. खायला कोणी उरलं नाही म्हणून पाण्यात दिसायला लागला. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे : भरगच्च शेवाळ असलेल्या टँकमध्ये टेस्ट किट दाखवतं ते फक्त ताटात उरलेलं. आत किती आलं आणि शेवाळाने किती गिळलं, ते त्यात नसतं. यापुढे टेस्टच्या आकड्याशेजारी आत काय गेलं तेही लिहिणार.

१९ मार्च, रंगपंचमी

गेर राजवाड्याकडे असली तरी लोकमान्य नगरच्या गल्लीत पोरांची पिचकारी आणि गुलाल चालतोच. खिडक्या बंद, टँकवर काच, फेस करून पाण्यातली घाण काढणाऱ्या स्किमरच्या हवेच्या नळीला स्पंजाचा तुकडा. संध्याकाळी स्पंज गुलाबी निघाला. तो आत ओढला गेला असता तर स्किमरने दोन दिवस नुसता फेस काढला असता.

२२ मार्च

वरून घालायच्या पाण्याकडे वळले. टँकमधून पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून भर गोड्या पाण्याची घालायची. दुकानाचा तो माणूस ती स्वयंपाकघरातल्या आरओची घालायचा. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर त्याच्या नळाखाली धरला : ९२.

आमच्या गच्चीच्या टाकीत दोन पाणी मिसळतात. एक दिवसाआड नर्मदा, जलूदहून सत्तरेक किलोमीटर चढवून आणलेली, आणि बाकी बोरिंग. आजचं मिश्र पाणी ४१० टीडीएस. आरओच्या मेंब्रेनमधून निघणारं १८. मग नळाला ९२ कसं?

आरओवाल्या भैयाला बोलावलं. त्याने झाकण काढून एक छोटा स्क्रू दाखवला. टीडीएस कंट्रोलर. मेंब्रेनच्या शुद्ध पाण्यात थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, चव यावी म्हणून. "इतना तो रखना पड़ता है दीदी, नहीं तो पानी फीका लगेगा." माणसांसाठी बरोबरच आहे ते. पुढे मिनरलची कँडल आणखी. माशांच्या टँकसाठी हे दोन्ही नकोत.

नळाच्या त्या पाण्यात फॉस्फरस १६, म्हणजे फॉस्फेट ०.०५ च्या आसपास. नायट्रेट ५ ते १० च्या मध्ये. बोरिंगच्या पाण्यात नायट्रेट असतं, आणि मेंब्रेन ते पूर्ण अडवत नाही.

२५ मार्च

आता हिशेब. सध्या रोज साडेतीन-चार लिटर उडतं. मेमध्ये टँकवर पंखे लागले की सहा लिटर होणार. सहा लिटर रोज म्हणजे महिन्याला १८०, आणि टँकचं पाणीही १८०. म्हणजे उन्हाळ्यात दर महिन्याला अख्खा टँकभर पाणी वरून जातं आणि उडताना फक्त वाफ नेतं. त्या पाण्यात जेवढं पीपीएम नायट्रेट, तेवढंच टँकमध्ये दर महिन्याला वाढणार. म्हणजे महिन्याला पाच ते दहा पीपीएम. मुंबईच्या दमट घरात हे इतकं जाणवत नसेल. इंदूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हेच मोठं दार आहे.

३० मार्च, रविवार

दुरुस्ती : मेंब्रेननंतर, कंट्रोलरच्या आधी एक टी जोडून वेगळी नळी काढली. तिला डीआय रेझिनचं भांडं, उरलेले क्षार शोषून घेणारं. घरच्या पिण्याच्या पाण्याला हात लावलेला नाही. भांडं आणि रेझिन मिळून १,९००, टी-नळी-क्लिपा दीडशेच्या आत, भैयाची मजुरी ३००. मीटर आता ०.

रेझिन निळं असतं, संपत आलं की खालून तपकिरी होत जातं. बोरिंगच्या दिवशी मेंब्रेनमधून ४० च्या पुढे येतं आणि रेझिन झपाट्याने खाल्लं जातं. म्हणून नियम केला : टँकचं पाणी नर्मदेच्या दिवशीच भरायचं, गच्चीची टाकी भरत असताना, पंचवीस लिटरच्या कॅनमध्ये. मेंब्रेनमधून सुटलेलं सिलिकेटही रेझिन अडवतं. काचेवर दर आठवड्याला येणारी तपकिरी पावडर त्याच्यावरच जगते.

आरओचं वाया जाणारं पाणी जिन्याच्या फरशीला आणि बाथरूमला. कूलरमध्ये ओतू नका. गवतावर पांढरे थर चढतात.

६ एप्रिल

भर घालायला रोज कोण लक्ष देणार? एक दिवस चुकलं तर ३५ चा खारटपणा ३६ च्या आसपास जातो. फ्लोट लावायचा ठरवलं. सियागंजमध्ये कूलरचे फ्लोट हवे तेवढे मिळतात, पण बरेचसे पितळी. पितळेत तांबं असतं, आणि तांबं गोगलगायी-खेकड्यांना मारतं. प्लास्टिकचाच घ्यायचा, आतला स्क्रूसुद्धा बघून. १२० रुपये. कॅन टेबलावर, फ्लोट संपच्या शेवटच्या कप्प्यात. कॅन मोठा ठेवला नाही, कारण फ्लोट अडकला तर जास्तीत जास्त पंचवीस लिटरच आत जावं.

१३ एप्रिल

दोन आठवडे शून्य टीडीएसचं पाणी चालू आहे. नायट्रेट २५ चं १८. फॉस्फरस मात्र ४० ला चिकटून. पाण्याचं दार बंद केलं तरी फॉस्फेट हलत नाही, तेव्हा ते दुसरीकडून येतंय.

दुसरीकडून म्हणजे बाबांच्या हातून. बाबा सकाळी चहाबरोबर एक चिमूट घालतात, दुपारी झोपून उठल्यावर एक, आणि कोणी पाहुणे आले की मासे वर आलेले दाखवायला एक. चिमूट काट्यावर घेतली, बाबांचीच. सोनाराकडच्यासारखा छोटा काटा आहे घरात. ०.२ ग्रॅम.

सुक्या खाद्यात ढोबळमानाने एक टक्का फॉस्फरस धरतात. एका ग्रॅममध्ये १० मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट. १८० लिटरमध्ये पसरलं तर ०.१७ पीपीएम. बाबांच्या तीन-चार चिमट्या म्हणजे रोज ०.१ च्या वर. स्किमर काढतो, शेवाळ खातं, थोडं दगडात मुरतं, तरीही आरओच्या पाण्यातून महिन्याभरात येणारं फॉस्फेट बाबा एका दिवसात घालत होते. नायट्रेटचा चोर पाणी होतं, फॉस्फेटचा खाद्य. दोन वेगळे चोर. मी तोपर्यंत सगळं पाण्याच्याच नावावर मांडत होते.

उपाय : बाबांची गोळ्यांची सात खणांची डबी असते, तशीच दुसरी आणली. रविवारी सात खण भरून द्यायची. "बाबा, हा आजचा खण. सकाळी घाला, नाहीतर दोनदा घाला, पण खण संपला की संपलं." पहिले दोन दिवस नाराजी. मग ते स्वतःच पाहुण्यांना डबी दाखवायला लागले. फ्रोझन खाद्यही आता चहाच्या गाळणीत शून्य टीडीएसच्या पाण्याने धुऊन, वितळलेलं पाणी फेकून.

१८ एप्रिल

दिवे दहा तासांवरून सात तासांवर आणले, पांढरा चॅनल कमी केला. खिडकीला जाड पडदा, कारण पाच वाजता पश्चिमेचं ऊन थेट डाव्या कोपऱ्यावर येतं आणि शेवाळ तिथेच सगळ्यात दाट होतं. याला काही खर्च नाही, आणि बहुतेक लोक हे शेवटी करतात.

२० एप्रिल, रविवार

हायड्रोजन पेरॉक्साइड. इथे मेडिकलमध्ये मिळतं ते बहुधा ६ टक्क्यांचं, बाटलीवर '२० व्हॉल्यूम' असं लिहिलेलं. सगळीकडे सांगतात तो हिशेब ३ टक्क्यांचा असतो. तेव्हा तेवढंच शुद्ध पाणी घालून पातळ करायचं. हातमोजे घालून. मी एका हाताला घातला नाही, तर बोटांची टोकं दुपारपर्यंत पांढरी.

फक्त चिवट खडकांना : बाहेर काढून शेवाळावर ड्रॉपरने सोडायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं, खाऱ्या पाण्यात खळबळून परत ठेवायचं. आधी खडकाच्या भोकात कोणी खेकडा नाही ना ते बघा. तिसऱ्या दिवशी केस पांढुरके पडले, आणि ज्या शेवाळाकडे ब्लेनी ढुंकून बघत नव्हता ते मऊ झाल्यावर तो खायला लागला. टर्बोंनीही साथ दिली. लांब केस टर्बो खात नाहीत, आखूड खातात, त्यामुळे आधी उपटणं माणसाचंच काम.

शेवाळ पिसासारखं, दोन्ही बाजूंनी फांद्या असलेलं असेल तर ते ब्रायोप्सिस, त्याला पेरॉक्साइड फारसं पुरत नाही. भिंगातून बघितलं, आमचं साधे गुंतलेले केस.

याच आठवड्यात जीएफओ सुरू केलं : फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे. अर्धा किलो १,६००. आधी बादलीत भरपूर धुवायचे, नाहीतर टँकमध्ये गंजाचा धुरळा. रिॲक्टरमध्ये (दाण्यांतून पाणी फिरवायच्या नळकांड्यात) दाणे जेमतेम थरथरतील इतकाच प्रवाह. मात्रा पाकिटावर दिली आहे तेवढी.

४ मे

फॉस्फरस १. खडक स्वच्छ, काच स्वच्छ. शेजारच्या काकू येऊन म्हणाल्या, "अगं, नवीन आणलास का?"

खोलीत दुपारी ३७. टँकवर दोन पंखे लावलेत, पाणी २७.५ ला थांबतं. एक गोष्ट विचित्र वाटेल : त्याच खोलीत खसचा कूलर लावला की टँक तापतो. खोलीची हवा दमट होते, टँकमधून वाफ कमी होते, पाणी २९ वर जातं. कूलर आणि टँकचे पंखे एका खोलीत नांदत नाहीत. कूलर आतल्या खोलीत हलवला. घरात यावरून जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

९ मे

वाळूवर तपकिरी शेंबडासारखे तार, टोकाला बुडबुडे. सकाळी थोडे, दुपारी दिव्याखाली भरपूर, रात्री जवळजवळ गायब. दोन टर्बो उलट्या पडलेल्या. सरळ केल्या तरी परत पडल्या.

११ मे, रविवार

थोडे तार बाटलीत घेऊन जोरात हलवले, सगळं विरघळल्यासारखं झालं. बाटली उजेडात ठेवली. तासाभरात कण परत एकत्र येऊन तार झाले. डायटम, म्हणजे काचेवरची ती तपकिरी पावडर, असं करत नाहीत. भाचीकडे छोटा मायक्रोस्कोप आहे. तिने थेंब काचेवर घेतला. "मावशी, हे तर एका जागी बांधल्यासारखं गोल गोल फिरतंय." पेशी थेंबाच्या आकाराच्या, एका टोकाला निमुळत्या. ऑस्ट्रिऑप्सिस, म्हणजे एकपेशीय डायनोफ्लॅजेलेट, थोडक्यात डायनो. हे विषारी असतं, गोगलगायी त्यामुळेच मेल्या. यापुढे हातमोज्यांशिवाय टँकमध्ये हात नाही, आणि टँकचं पाणी तोंडाने सायफन करायचं नाही.

कारण सरळ आहे. हेअर अल्गी, म्हणजे ते हिरवे केस, उपटली, पेरॉक्साइडने मारली, खाद्य कमी केलं, दिवे कमी केले, आणि त्यावर पूर्ण मात्रेचं जीएफओ. फॉस्फेट शून्यावर गेलं की हिरवं शेवाळ उपाशी मरतं, खडकावरचे जीवाणूही सुस्तावतात, आणि मोकळी जागा डायनोंना मिळते. ते कमी खाण्यावर, आणि जीवाणूंना खाऊनही जगतात. पाकिटावरची मात्रा प्रवाळांनी भरलेल्या टँकसाठी असावी. आमच्यासारख्याला चौथा हिस्सा पुष्कळ झाला असता.

हेअर अल्गी दिसायला वाईट, पण मारत कोणाला नव्हती. डायनोंनी बघता बघता बहुतेक टर्बो संपवल्या. दोन्हीतलं एक निवडायचं तर मी केस घेईन.

१२ मे

जीएफओ बंद. पाणी बदलणं बंद, कारण ताज्या मिठाच्या पाण्याने डायनो उलट फोफावतात. खाद्याचे खण दुप्पट. बाबा खूश.

तेवढ्याने फॉस्फेट वर येणार नाही, म्हणून ते वरून घालणं सुरू केलं. प्रयोगशाळेच्या दर्जाचं निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट १ ग्रॅम, १ लिटर शुद्ध पाण्यात. या द्रावणाचे १३-१४ मिलिलिटर १८० लिटरला साधारण ०.०५ पीपीएम चढवतात. संध्याकाळी घातलं, चेकरवर फॉस्फरस १५. सकाळी परत १. खडक पिऊन टाकतो. कॅल्शियम कार्बोनेटचा खडक पाण्यात फॉस्फेट जास्त असताना ते धरून ठेवतो, कमी झालं की सोडतो, आणि जीएफओने ओरबाडून घेतलेला खडक आता आधी स्वतःचं पोट भरणार. रोज घालत राहायचं.

महिन्यापूर्वी ज्या गोष्टीला हाकलायला सोळाशे रुपये दिले तीच आता चमच्याने भरवतेय.

१५ ते १८ मे

तीन दिवस अंधार. टँकला काळी चादर, वरून गोधडी, कडांना टेप. हवा चालू. दुपारी दोनदा वीज गेली, इन्व्हर्टरवर फक्त पंप ठेवला. मासे ठीक.

अंधाराआधी आणि नंतर वाळूवरचे तार ओढून काढले. पाणी फेकायचं नाही म्हणून सायफन आरओच्या ५ मायक्रॉनच्या स्पन कँडलमधून घेतला : जुनं हाउसिंग, नवी कँडल. डायनो कँडलमध्ये, स्वच्छ खारं पाणी परत टँकमध्ये. कँडल स्वस्त असते, प्रत्येक वेळी नवी लावून जुनी फेकली. या सगळ्या प्रकरणात माझ्या डोक्यातून निघालेली एकच गोष्ट ही, आणि तीच सगळ्यात कामाची ठरली.

२० मे

यूव्ही लावला, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव मारणारा अतिनील दिवा. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात उतरतं, त्यामुळे यूव्ही त्याला पकडू शकतो. वाळूतच राहणाऱ्या जाती असतात, त्यांना याचा उपयोग नाही. म्हणून मायक्रोस्कोप आधी, खरेदी नंतर. घरच्या आरओतली यूव्हीची नळी वापरायचा मोह झाला होता, पण ती स्टीलची, खाऱ्या पाण्यात गंजणार. टँकसाठीचा प्लास्टिकच्या आवरणाचा घेतला, ४,५००. पाणी संपमधून न घेता थेट टँकमधून, हळू प्रवाहाने.

१ जून

फॉस्फेट जवळजवळ तीन आठवडे रोज घातल्यावर फॉस्फरस आता सकाळीही १२ दाखवतो. तार फक्त डाव्या कोपऱ्यात. खडकावर हिरवी पावडर चढायला लागली आहे. ती बघून इतका आनंद होईल असं मार्चमध्ये कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

१४ जून

डायनो दिसत नाहीत. त्यांच्या जागी वाळूवर लाल मखमल, म्हणजे सायनो, जीवाणूंचाच एक प्रकार. अशा वेळी ते येतंच. पंपाचं तोंड खाली वळवलं, वर आलं की ओढून घेतलं, दोन-तीन आठवड्यांत विरळ झालं. यावर अँटिबायोटिक घालू नये असं माझं मत. वाळूतल्या जीवाणूंना सावरायला इतका वेळ दिल्यावर परत त्यांच्यावरच घाव कशाला?

२२ जून

पाऊस लागला. हवा ३० ची, तरी टँक २९.५. पंखे फिरतात, वाफ होत नाही. कूलर जसा आषाढात नुसता ओल फेकतो तसंच. रोजची भर दोन लिटरांवर आली. दुपारी दोन तास खोलीचा एसी, एवढंच. चिलर या वर्षी झेपणारा नाही.

२९ जून, रविवार

आता कायमची सोय. संपच्या मधल्या कप्प्यात कीटोमॉर्फा : तारेच्या चोथ्यासारखं गुंतलेलं हिरवं शेवाळ, एका ओळखीच्यांनी मूठभर दिलं. त्यावर महाराणी रोडवरून आणलेला १० वॉटचा पिवळसर एलईडी फ्लड, ३५० रुपये. टँकचे दिवे मालवले की हा लागतो, सकाळी बंद होतो. त्यामुळे रात्री पीएचही कमी घसरतो.

कल्पना अशी की फॉस्फेट-नायट्रेट शेवाळानेच खायचं आहे, तर ते मला हवं त्या जागी, मला कापता येईल असं वाढावं. शून्यावर न्यायचं नाही. माझी पट्टी : नायट्रेट ५ ते १०, फॉस्फरस १० ते २०, म्हणजे फॉस्फेट ०.०३ ते ०.०६.

पहिले दहा दिवस ते वाढलंच नाही, पांढरं पडत होतं. दिवा पाण्याच्या फार जवळ होता. वीतभर वर घेतला, सुधारलं.

२० जुलै

पहिली कापणी, गोळ्याचा तिसरा हिस्सा. ओला कचरा. गोड्या पाण्यात दोनदा धुऊन मगच दिला, मीठ खतात जायला नको. कचरा गाडीवाल्याने पिशवी उघडून बघितली आणि सुका की ओला विचारलं. मी "भाजी" म्हटलं.

नायट्रेट ८, फॉस्फरस १४. खडकावर केसांचे चार-पाच पुंजके, ब्लेनी बघून घेतो. नवीन टर्बो तीनच आणल्या, आता खायलाही तेवढंच आहे.

१० ऑगस्ट

ओव्हरफ्लोच्या मागे (पाणी संपमध्ये उतरतं तिथे) दोन हिरवे चकचकीत फुगे, वाटाण्याएवढे. व्हॅलोनिया, फुग्यासारखं शेवाळ. कदाचित कीटोबरोबर आलं असेल. फोडायचे नाहीत, आतून बीजाणू बाहेर पडू शकतात. खडक बाहेर काढून, पातळ स्क्रू ड्रायव्हरने खालून सैल करून अख्खे उचलले. एक फुटला, पण बादलीत.

एकूण खर्च, मीठ आणि मेलेल्या गोगलगायी सोडून, ९,००० च्या आसपास. त्यातले यूव्ही आणि जीएफओ मिळून ६,१०० डायनो आणण्यात आणि घालवण्यात गेले. पाण्याची वेगळी नळी, फ्लोट, गोळ्यांची डबी, पडदा आणि १० वॉटचा दिवा यांना मिळून तीन हजारही नाहीत, आणि आज टँक चालतोय तो त्यांच्यावर.

२४ ऑगस्ट, रविवार

गणपतीला पुण्याला जायचंय, बुधवारी चतुर्थी. यूव्ही काढून ठेवला. कॅन भरलेला, रोज दोन लिटर धरले तर बारा दिवस जातील. खाद्याच्या दोन डब्या भरून काकूंना दिल्या. त्यांना सांगितलं : एक दिवस एक खण, फ्लोटला हात नाही, आणि मासे भुकेले दिसले तरी ते नेहमी तसेच दिसतात. स्किमरचा कप रिकामा करायचा नसेल तर नका करू, मी ओतून रिकामा केला आहे.

मीटर आज ३ दाखवतोय, रेझिन पाऊण तपकिरी. परत आल्यावर आधी ते बदलायचं, मग कीटो कापायचं.